महामार्गाच्या संयुक्त मोजणीची नोटीस आली. सातबारा जिरायत, शेतात डाळिंब. मोबदल्यासाठी आत्ता काय करावं?

कोरडवाहू_दक्षिण यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी. दक्षिण सोलापूर तालुक्यात आमचा एक गट आहे, ४ एकर १० गुंठे, म्हणजे १ हेक्टर ७२ आर. राष्ट्रीय महामार्गाची आखणी त्यातून तिरकी, मधोमध जाते. ३ए ची अधिसूचना (महामार्ग कायद्याखाली जमीन घ्यायचा इरादा जाहीर करणारी) निघाली, हरकतीचे २१ दिवसही संपले. यादीत आमच्या गटाचं ३८ आर क्षेत्र लागलं आहे. आता संयुक्त मोजणीची नोटीस आली आहे.

परिस्थिती अशी. सातबाऱ्यावर आई, आम्ही दोघे भाऊ आणि बहीण अशी चार नावं. जमीन जिरायत लागलेली आहे. प्रत्यक्षात पाच वर्षांची भगवा डाळिंबाची बाग आहे, ठिबकवर. ई-पीक पाहणीत डाळिंब फक्त गेल्या दोन वर्षांचं दिसतं, त्याआधी ज्वारी आणि तूर. विहीर आहे पण सातबाऱ्यावर नोंद नाही, वीजजोडणी मात्र आहे. इतर हक्कात सोसायटीचा बोजा आहे.

विचारायचं ते एवढंच: मोजणीच्या दिवशी काय पाहायचं, सही करायची की नाही, दर कसा धरतात, आणि जिरायत नोंदीमुळे बागेचे पैसे बुडतात का?

---

बांध_आणि_खुणा यांचं उत्तर:

दादा, अगदी वेळेवर विचारलंत. लोक दरावर भांडतात निवाडा (मोबदला ठरवणारा आदेश) हातात आल्यावर, पण निवाड्यात काय मोजलं जाणार ते या मोजणीच्या दिवशीच ठरतं. संयुक्त मोजणी पत्रकात जे झाड, जी विहीर, जी पाइपलाइन आली नाही, ती पुढे कुठल्याच मूल्यांकनात येत नाही. दर नंतर लवादाकडे वाढवून मागता येतो. पत्रकात नसलेली विहीर तिथे सिद्ध करायला फार जड जाते, कारण तोवर ती बुजलेली असते.

मोजणीला भूमी अभिलेखचा भूकरमापक, महामार्गाच्या बाजूचा प्रतिनिधी, तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) आणि बहुतेक वेळा कृषी सहायक (आता सहायक कृषी अधिकारी) असतो. चौघंही एकदम येतील असं नाही. कृषीचा माणूस नसेल तर झाडांची मोजणी 'नंतर करू' म्हणतात. ते 'नंतर' पत्रकावर लिहून घ्या, तारखेसह.

आधी तुमची तयारी. बागेत ३८ आर कुठून कुठे जातंय ते खुणा लागल्यावरच कळेल, पण हिशेब आत्ताच काढून ठेवा. ४.५ × ३ मीटरवर लागवड असेल तर एका झाडाला १३.५ चौरस मीटर, म्हणजे ३८ आरमध्ये साधारण २८० झाडं. पत्रकात २०० लिहिली तर लगेच विचारता आलं पाहिजे. झाडांना ओळीनं रंगाचे नंबर टाका. प्रत्येक ओळीचा फोटो तारीख आणि अक्षांश-रेखांश दिसतील असा काढा. पत्रकात नुसतं 'डाळिंब २८० झाडं' पुरत नाही. वय ५ वर्षं, वाण भगवा, फळधारणा सुरू, ठिबक आहे, एवढं लिहून आलं पाहिजे. फळझाडाची किंमत वय, उत्पन्न आणि उरलेलं उत्पादक आयुष्य यावर निघते. वयाचा रकाना रिकामा राहिला तर मूल्यांकन करणारा स्वतःच्या अंदाजानं भरतो. तेल्या रोग दिसत असेल तर किती झाडांवर ते आकड्यात लिहून घ्या. 'बाग रोगट' असा शेरा पूर्ण बागेला लागू देऊ नका.

विहिरीचं: व्यास, खोली, बांधकाम दगडी की सिमेंट, किती फुटांपर्यंत, आडवे बोअर आहेत का, मोटर किती अश्वशक्तीची. पाइपलाइनचं: व्यास, लांबी, किती खोल गाडली आहे. गाडलेली पाइपलाइन कुणाला दिसत नाही म्हणून तीच सगळ्यात जास्त वेळा सुटते. दोन-तीन ठिकाणी खड्डा घेऊन उघडी करून ठेवा.

शेवटी, खुणा लागल्या की स्वतःच्या टेपनं बांधापासून अंतरं घ्या आणि कागदावर कच्चा नकाशा काढा. काम सुरू झाल्यावर भराव खुणेच्या बाहेर येतो तेव्हा तो कागद उपयोगी पडतो. तसा संशय आला तर मोजणीचा अर्ज करून 'क' प्रत (मोजणीचा अधिकृत नकाशा) काढायची आणि जादा गेलेलं क्षेत्र पुरवणी निवाड्यात मागायचं.

---

शिवारातला_आवाज यांचं उत्तर:

माझं मत वेगळं आहे. मोजणीच होऊ द्यायची नाही. बार्शी, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर या पट्ट्यात सुरत-चेन्नईच्या वेळी शेतकऱ्यांनी दराचा प्रश्न लावून धरला तो एकजुटीनंच. एकेकट्यानं सही केली की गाव फुटतं. गुणक (जमिनीच्या किमतीला ज्या आकड्यानं गुणून मोबदला काढतात तो) कमी करून जमीन घेणं हा अन्याय आहे आणि तो मोजणी करून देऊन आपणच पुढे नेतो.

---

बांध_आणि_खुणा:

भाऊ, अन्यायाबद्दल दुमत नाही आणि गावानं एकत्र राहावं हेही खरं. पण कायद्याची बाजू नीट समजून घेतली पाहिजे. मोजणीला शेतकरी गैरहजर राहिला म्हणून भूसंपादन थांबत नाही. पंचनामा एकतर्फी होतो आणि त्यात शेजारच्या बांधावरून बघून लिहिलेलं असतं. ३डी ची (संपादनाची अंतिम) घोषणा ३ए पासून एक वर्षात व्हावी लागते, नाहीतर ३ए रद्द होते. मोजणी अडवण्याचा फायदा झाला तर तेवढाच, आणि मग पुन्हा नवीन ३ए निघते. ३डी राजपत्रात आली की जमीन केंद्र सरकारकडे निहित होते. त्यानंतर तुमच्या हातात फक्त पैशाचा प्रश्न उरतो, आणि त्याचा पुरावा पत्रकातच असतो.

मधला रस्ता हा: हजर राहा, सगळं नोंदवून घ्या, आणि सहीच्या वर स्वतःच्या हातानं लिहा, 'भूसंपादनास व दरास हरकत राखून, फक्त नोंदींच्या अचूकतेपुरती सही'. एखादी गोष्ट सुटली असेल तर तीही तिथंच लिहा. पत्रकाची प्रत मागा. दिली नाही तर त्याच आठवड्यात सक्षम प्राधिकाऱ्याकडे (भूसंपादन आणि निवाडा करणारा अधिकारी) लेखी अर्ज द्या आणि आवक क्रमांक घ्या.

---

सूची_दोन यांचं उत्तर:

दर आणि हिशेब यावर लिहितो.

राष्ट्रीय महामार्ग कायदा १९५६ चा, पण मोबदल्याची पद्धत १ जानेवारी २०१५ पासून २०१३ च्या भूसंपादन कायद्याची. बाजारमूल्य कलम २६ प्रमाणे: एकीकडे वार्षिक मूल्य दर तक्त्याचा (आपण रेडी रेकनर म्हणतो तो) दर, दुसरीकडे जवळच्या गावांतल्या त्याच प्रकारच्या जमिनीच्या मागच्या ३ वर्षांतल्या खरेदीखतांची सरासरी. यातला जो जास्त तो धरायचा. सरासरी सगळ्या दस्तांची नाही. दर आर किंमत काढून दस्त उतरत्या क्रमानं लावायचे आणि वरच्या निम्म्यांची सरासरी घ्यायची. १० दस्त असतील तर वरचे ५.

इथं दोन गोष्टी बिघडतात. पहिली, 'त्याच प्रकारची जमीन' या शब्दांवर. तुमची जमीन जिरायत धरली की बागायतीचे दस्त बाजूला पडतात आणि तक्त्यातला दरही जिरायतीचा लागतो. दुसरी, दस्त निवडताना. प्राधिकाऱ्याला एखादा दस्त बाजारभाव दाखवत नाही असं वाटलं तर तो वगळता येतो, आणि वरचे दस्तच वगळलेले दिसतात. म्हणून नोंदणी विभागाच्या ई-सर्चवरून तुमच्या आणि लागून असलेल्या गावांच्या सूची २ (नोंदलेल्या खरेदीखतांचे उतारे) काढा, ३ए च्या तारखेच्या मागची ३ वर्षं. ३ए नंतरचे दस्त उपयोगाचे नाहीत. आधीच्या एखाद्या संपादनात मिळालेला मोबदलाही तुलनेला धरत नाहीत, तेव्हा 'पलीकडच्या गावाला एवढा मिळाला' हा मुद्दा बाजारमूल्यासाठी चालत नाही.

जिरायत नोंदीबद्दल. बागेचे पैसे त्यामुळे बुडत नाहीत. झाडं, विहीर, ठिबक यांची किंमत कलम २९ खाली वेगळी काढतात. धोका जमिनीच्या दराला आहे. तो टाळायला ३ए च्या आधीपासून पाणी होतं हे दाखवा. सगळ्यात वजनदार कागद म्हणजे कृषीपंपाच्या वीजजोडणीची तारीख आणि बिलं. त्यानंतर ठिबकच्या अनुदानाची फाइल, रोपांच्या खरेदीची पावती, पीककर्जाच्या अर्जात लिहिलेलं पीक, बागेचा विमा भरला असेल तर त्याची पावती, आणि ई-पीक पाहणीची दोन वर्षं. जुने उपग्रह फोटोही जोडा. पाच वर्षांची बाग वरून ओळीत स्पष्ट दिसते. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद घेण्यासाठी तहसीलला अर्ज आत्ता टाका, पण केवळ ३ए नंतर झालेल्या नोंदीवर विसंबू नका. ती मोबदल्यासाठी केली असं म्हणायला जागा राहते.

आता गुणक. राज्यानं मे २०१५ मध्ये ग्रामीण भागासाठी २ ठरवला होता. ऑक्टोबर २०२१ च्या अधिसूचनेनं राष्ट्रीय महामार्गांपुरता तो १ वर आणला. फरक किती पडतो ते आकड्यात बघा. समजा दर १५,००० रुपये आर धरला, झाडं-विहीर-पाइपलाइन मिळून ४,२०,००० आली आणि ३ए पासून निवाड्यापर्यंत १४ महिने गेले.

३८ आरची जमीन ५,७०,०००. गुणक १ असेल तर तेवढेच, त्यात मालमत्तेचे ४,२०,००० मिळून ९,९०,०००. त्यावर १०० टक्के दिलासा रक्कम (जमीन सक्तीनं घेतल्याबद्दल मिळणारी जादा रक्कम), म्हणजे आणखी ९,९०,०००. शिवाय ३ए पासून निवाड्यापर्यंत जमिनीच्या बाजारमूल्यावर वर्षाला १२ टक्के, १४ महिन्यांचे ७९,८००. एकूण २०,५९,८००. गुणक २ असता तर हाच आकडा ३१,९९,८०० झाला असता. एका गुणकानं ११,४०,००० चा फरक. ही तफावत शेतकऱ्यानं मुकाट्यानं सोसावी असं मला अजिबात वाटत नाही, आणि लवादापुढे गुणकाचा मुद्दा लेखी घेतलाच पाहिजे.

निवाडा हातात आला की पाच जागा तपासा: दर, गुणक, दिलासा रक्कम मालमत्तेवरही लावली आहे का (पुष्कळदा फक्त जमिनीवर लावतात), १२ टक्क्यांची सुरुवातीची तारीख, आणि क्षेत्र. पोटखराब्याचं (लागवडीला अयोग्य म्हणून नोंदलेलं) क्षेत्र वेगळं काढून कमी दर लावला असेल आणि तिथं प्रत्यक्षात बाग असेल तर तेही मोजणीच्या दिवशीच लिहून घ्यायला हवं होतं, म्हणून आत्ताच सातबाऱ्यावर पोटखराबा किती आहे ते बघून ठेवा. आणि जमीन भोगवटादार वर्ग २ ची निघाली, उजनीच्या पुनर्वसनाची किंवा इनाम-वतनाची, तर नजराण्याचा (सरकारला भरायच्या रकमेचा) प्रश्न येतो. वर्ग १ असेल तर हा भाग सोडून द्या.

---

कोरडवाहू_दक्षिण:

आभारी आहे. वर्ग १ आहे, पोटखराबा ६ आर आहे, तो बागेच्या एका कोपऱ्यातच येतो. अजून दोन गोष्टी. विहीर रस्त्याच्या पट्ट्यात येत नाही, ती उत्तरेला उरते. पण दक्षिणेकडची दीड एकर बाग रस्त्याच्या पलीकडे राहते आणि पाइपलाइन रस्त्याखाली जाते. आणि बहिणीचं नाव आहे, ती पुण्याला असते, तिची सही लागेल का?

---

बांध_आणि_खुणा:

पाइपलाइनबद्दल आधी, कारण ती वेळेची गोष्ट आहे. भराव पडायच्या आधी रस्त्याखालून कॅसिंग पाइप टाकून घ्यायचा असतो. भराव झाल्यावर आडवं छिद्र पाडायला लागतं आणि तो खर्च, परवानगी, सगळं तुमच्या गळ्यात येतं. महामार्गाच्या प्रकल्प कार्यालयाला आत्ताच अर्ज द्या: गट क्रमांक, खुणेवर लिहिलेला साखळी क्रमांक (रस्त्यावरचं अंतर दाखवणारा), पाइपचा व्यास, आणि तुमच्या पाइपच्या दुप्पट व्यासाचा कॅसिंग पाइप मागा. म्हणजे पुढे पाइप फुटला तर रस्ता न खोदता बाहेर ओढता येतो. त्याच्याबरोबर वीजवाहिनीसाठी वेगळा छोटा पाइप मागा. ठेकेदाराच्या माणसानं तोंडी 'टाकतो' म्हटलं तरी अर्जाची पोच ठेवा.

दुसरं, पाण्याचा निचरा. काळ्या जमिनीत तिरका भराव पडला की वरच्या बाजूला पावसाळ्यात पाणी तुंबतं आणि डाळिंबाला ते आठ दिवसही सोसत नाही, मर लागते. शेताचा उतार कुठल्या दिशेला आहे ते पत्रकात लिहून घ्या आणि मोरी कुठं हवी ते त्याच अर्जात दाखवा.

तिसरं, पलीकडच्या दीड एकरात जायचा रस्ता. सेवा रस्ता किंवा भुयारी मार्ग किती अंतरावर आहे ते आराखड्यात बघा. जमिनीचे तुकडे पडल्यानं उरलेल्या जमिनीची किंमत घटते, तिला पाणी-रस्ता तुटतो, याचीही नुकसानभरपाई कायद्यात आहे: महामार्ग कायद्याचं ३जी(७) आणि २०१३ च्या कायद्याचं कलम २८. मागितल्याशिवाय ती कुणी देत नाही. ३जी ची दावे मागवणारी जाहीर नोटीस वर्तमानपत्रात आली की मागणी अर्जात ही रक्कम वेगळी, आकड्यासह लिहा: नवी पाइपलाइन, वळसा घालून होणारी वाहतूक, तिरक्या तुकड्यांमुळे ट्रॅक्टरच्या पाळीतून सुटणारं क्षेत्र.

---

सूची_दोन:

बहिणीबद्दल. सातबाऱ्यावर नाव आहे म्हणजे हिस्सा आहे, आणि पैसे वाटताना तिची सही लागणारच. चौघांनी हिस्से मान्य करून संमतीपत्र दिलं तर ज्याच्या त्याच्या खात्यात पैसे जातात. एकजण जरी अडून बसला तर ३एच(४) प्रमाणे वाटपाचा वाद दिवाणी न्यायालयाकडे जातो आणि रक्कम तिथं जमा होते. मग वर्षानुवर्षं व्याजासकट तिथंच. बहिणीशी आत्ताच बोला आणि तिचा हिस्सा तिच्या खात्यात जाऊ द्या. हक्कसोडपत्र घाईनं करून घेण्याच्या नादात घरं तुटलेली आहेत, आणि ३डी नंतर त्या क्षेत्राचं हक्कसोडपत्र करून उपयोगही होत नाही.

सोसायटीच्या बोज्यासाठी सचिवाकडून येणे बाकीचा दाखला काढा. एक तर बाकी मोबदल्यातून वळती होते, नाहीतर ना-हरकत मिळते. पैसे घेताना लागणारे कागद: अलीकडचा सातबारा आणि ८अ, वारस फेरफार, चौघांचे आधार-पॅन, रद्द केलेला धनादेश, संमतीपत्र, हमीपत्र. नावाचं स्पेलिंग आधार, पॅन आणि बँकेत एकसारखं नसेल तर ते आधी दुरुस्त करा. सगळ्यात जास्त फायली यातच अडकतात.

---

निवाडा_वाचक यांचं उत्तर:

वर दराचं छान आलं आहे, मी पुढच्या टप्प्याचं सांगतो. कोरडवाहूअण्णा, पैसे घेणं म्हणजे दर मान्य करणं नव्हे, पण ते लिहून दिलं पाहिजे. पावतीवर 'हरकत व वाढीव मोबदल्याचा हक्क राखून रक्कम स्वीकारली' असं लिहा आणि त्याच अर्थाचा वेगळा अर्जही द्या. २०१३ च्या कायद्यात कलम ७७ मध्ये स्पष्ट आहे की हरकत न नोंदवता रक्कम घेणाऱ्याला कलम ६४ खाली वाढीव मागता येत नाही. महामार्गाच्या प्रकरणातही तीच सवय ठेवा.

महामार्गाच्या निवाड्यावर दाद ३जी(५) प्रमाणे केंद्रानं नेमलेल्या लवादाकडे, आणि तो महसुलातलाच वरिष्ठ अधिकारी असतो. गावात सरसकट 'सहा महिने आहेत' असं सांगतात, ती मुदत कलम ६४ मधली, इतर प्रकल्पांची. तिथंही सहा महिने प्रत्येकाला नसतात; निवाड्याच्या वेळी हजर असलेल्याला फक्त सहा आठवडे. महामार्गाच्या ३जी(५) मध्ये मुदत लिहिलेली नाही, पण म्हणून बसून राहू नका. पुरावे ताजे असताना, दोन-तीन महिन्यांत अर्ज टाका. लवादाच्या निर्णयावर नाराज असाल तर लवाद कायद्याचं कलम ३४, जिल्हा न्यायालयात. तिथं मात्र मुदत कडक: ३ महिने, आणि सबळ कारण असेल तर वरचे ३० दिवस. एकतिसाव्या दिवशी दार बंद. शिवाय कलम ३४ मध्ये न्यायालय पुरावा नव्यानं तोलत बसत नाही, म्हणून सूची २ च्या नकला, बागेचे फोटो, खाजगी मूल्यांकनकाराचा अहवाल, सगळं लवादापुढेच दाखल झालं पाहिजे.

लवादानं रक्कम वाढवली तर वाढीव रकमेवर ताबा घेतल्याच्या तारखेपासून ९ टक्के व्याज मिळतं. ताब्याची तारीख कागदावर असू द्या. ताब्यासाठी ६० दिवसांची नोटीस येते आणि मोबदल्याची रक्कम त्याआधी प्राधिकाऱ्याकडे जमा व्हायला हवी. ती जमा झाली का, हे नोटीस आल्या दिवशीच लेखी विचारा. आणि फळं काढायची असतील तर तेवढी मुदत लगेच मागा. बहार धरलेली बाग जेसीबीखाली गेली की नुकसान दुप्पट होतं.

आयकराचं: २०१३ च्या कायद्याच्या कलम ९६ प्रमाणे निवाड्याच्या रकमेवर आयकर नाही, आणि केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचं २०१६ चं ३६ क्रमांकाचं परिपत्रक त्यावर आहे. तरी कर कापला गेला तर विवरणपत्र भरून परत मागता येतो. उशिरासाठी मिळालेल्या व्याजाचा प्रश्न वेगळा, तो सनदी लेखापालाला दाखवा.

---

मोहोळ_रोड यांचा प्रश्न:

मधेच विचारतो, माफी असावी. चौपदरीकरणात २०१४ च्या आधी जमीन गेलेल्यांना तेव्हा दिलासा रक्कम दिलीच नव्हती. आता काही मिळतं का?

---

निवाडा_वाचक:

मिळू शकतं. महामार्ग कायद्यात १९९७ मध्ये घातलेल्या तरतुदीमुळे दिलासा रक्कम आणि व्याज वगळलं जात होतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये तरसेम सिंग प्रकरणात तो भेदभाव घटनाबाह्य ठरवला, आणि हा निकाल फक्त पुढच्या प्रकरणांना लावा ही मागणी फेब्रुवारी २०२५ मध्ये फेटाळली. त्या काळातल्या संपादनाला जुन्या १८९४ च्या कायद्याप्रमाणे ३० टक्के दिलासा रक्कम, १०० टक्के नव्हे. पण तुमचं प्रकरण लवादाकडे किंवा न्यायालयात कधी गेलं होतं का, त्याचा शेवट कधी झाला, यावर पुढचं सगळं ठरतं. निवाड्याची नक्कल, रक्कम उचलल्याची तारीख आणि लवादाचा आदेश असेल तर तो, हे तीन कागद काढून मग वकिलाकडे जा. वेगळा धागा काढलात तर तिथं सविस्तर लिहितो.

---

बांध_आणि_खुणा:

कोरडवाहूदादा, एक राहिलं. तो ६ आर पोटखराबा बागेच्या कोपऱ्यात आहे म्हणालात. मोजणीच्या दिवशी त्या कोपऱ्यातली झाडं वेगळी मोजून 'पोटखराब्याच्या क्षेत्रात इतकी फळझाडं, वय ५' असं स्वतंत्र वाक्य पत्रकात घालून घ्या. आणि रस्त्याचा पट्टा त्या सहापैकी नेमक्या किती आरवरून जातो, ते भूकरमापकाकडून आकड्यात लिहून मागा.